जुनीं कुळें

माणसाच्या आश्रयास येऊन राहिलेल्या प्राण्यांची गणना करूं लागल्यास ती बरीच लांबेल. परंतु त्या सर्वांस माणसानें सारखा न्याय दिला आहे, असें कांहीं म्हणतां येणार नाहीं. गाईला त्यानें माता म्हटलें, कुत्र्याला राखणदार नेमलें. चिमणीला आजीबाईंच्या गोष्टींत मेणाचें घर मिळालें आणि कावळ्याला, शेणाचें कां होईना, पण घर मिळालें. भिंतीवरील पाल चुकचुकली तर तिचा शब्द कौल म्हणून ऐकण्याची चाल आहे. परंतु ज्या वळचणीला चिमणी राहिली त्याच वळचणीच्या अंधारांत, कवेलूंच्या बोटभर फटींत, पिढ्यान् पिढ्या राहत आलेल्या एका कुळाची घरमालकानें कधीं साधी विचारपूसहि केली नाहीं. हें कूळ म्हणजे वटवाघुळांचें. त्यांच्यापाशीं करारनामा नाहीं, भाडेपावती नाहीं. पण वहिवाट पाहूं गेल्यास ती पुष्कळांच्या सातबाऱ्याहून जुनी निघेल.

या प्राण्याविषयीं आमच्या पूर्वजांचें निरीक्षण मात्र कमी प्रतीचें नव्हतें. अमरकोशांत त्यास ‘अजिनपत्रा’ असें एक नांव दिलेलें आहे. अजिन म्हणजे कातडें; कातड्याचे पंख असलेली ती अजिनपत्रा. एका शब्दांत इतकें नेमकें वर्णन क्वचितच सांपडेल. शिवाय हें नांव त्या कोशांत हंस व सारस यांच्या पाठोपाठ येतें. ज्या सारसामुळें आमच्या गोंदिया जिल्ह्याचें नांव आज पक्षिप्रेमी लोकांच्या तोंडीं आहे, त्या सारसाच्या पंक्तीला बसण्याचा मान कोशकारानें ज्यास दिला, त्यासच आम्ही उंबऱ्याच्या आंत येऊं देण्यास भितों. वटवाघूळ तोंडाला चिकटतें, केंसांत गुंततें, घरांत शिरलें तर घर ओस पडतें, अशा समजुती आम्हांपैकीं प्रत्येकानें लहानपणीं ऐकलेल्या आहेत. स्पालान्झानी या इटालियन पंडितानें १७९३ च्या सुमारास दृष्टि नसलेलीं वटवाघुळेंहि अंधाऱ्या खोलींतील अडथळे चुकवून बिनचूक उडतात असें दाखविलें. आणि तीं हें आपल्याच सूक्ष्म आवाजाच्या प्रतिध्वनीवरून साधतात, ही गोष्ट ग्रिफिन या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९३८ सालापासून केलेल्या प्रयोगांनीं सिद्ध झाली. आपल्या कानास ऐकूं न येणाऱ्या त्या आवाजाच्या आधारें जें काळोखांत चिलटाचा माग काढतें, त्यास एवढें मोठें माणसाचें डोकें दिसत नसेल, हें संभवत नाहीं.

आमचें घर आमगांव तालुक्यांत, धानाच्या बांध्यांच्या कांठीं आहे. मातीच्या भिंती, सागाचे वासे आणि वर कवेलूंचें छप्पर असें तें जुनें घर होतें. दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं कवेलू उतरवून पुन्हा बसवावे लागत. पण तें काम जाणणारीं माणसें एकेक करून कमी झालीं, आणि वानरांच्या टोळ्या मात्र वर्षागणिक वाढल्या. एका सकाळींच्या धुडगुसांत शंभर-दोनशें कवेलूंचा चुरा होऊं लागला, माजघरांत भांडीं मांडून रात्रीं काढाव्या लागल्या, एका बाजूची भिंतहि खचली, तेव्हां २०१९ सालच्या उन्हाळ्यांत छप्पर उतरवून स्लॅब घालण्याचें ठरलें. आमच्या गांवांत ज्यांनीं ज्यांनीं घरें बदललीं त्यांचीं कारणें हींच होतीं, आणि तीं खरीं होतीं.

छप्पर उतरवितांना दुसऱ्या दिवशीं दुपारीं, मयालीच्या वरच्या बाजूचीं कवेलू निघालीं आणि तेथून काळ्या रंगाच्या चिंध्या उडाव्या तशीं लहान लहान वटवाघुळें बाहेर पडलीं. मजुरांनीं क्षणभर हात थांबविले. ऊन रणरणत होतें. तीं अंगणावर चार घिरट्या घालीत, पुन्हा त्याच जागेकडे येत, आणि जागा नाहींशी झाल्याचें पाहून पुन्हा वर जात. थोड्या वेळानें तीं चिंचेच्या दिशेनें निघून गेलीं. त्यांचें पुढें काय झालें, तें आम्हांस कळलें नाहीं. परंतु त्या वर्षीं पावसाळ्यांत दिवेलागणीच्या वेळीं ओसरीवर बसलें असतां अंगणावरचें आकाश रिकामें दिसूं लागलें, आणि घरांतील धाकट्या मुलीनें, “आपल्या चामचिड्या कुठं राहायला गेल्या?” असा प्रश्न केला. त्या प्रश्नास आम्हांपाशीं उत्तर नव्हतें, आणि तो वारंवार विचारला जात असल्यामुळें टाळतांहि येईना.

वटवाघुळांसाठीं माणसानें मुद्दाम घर बांधण्याची कल्पना शंभर वर्षांहून अधिक जुनी आहे. अमेरिकेंतील टेक्सस प्रांतांत, सॅन अँटोनियो शहरीं, कॅम्पबेल नांवाचे एक डॉक्टर होते. डांसांपासून हिवताप होतो, ही गोष्ट रोनाल्ड रॉस यांनीं १८९७ सालीं आपल्याच सिकंदराबादेस बसून उजेडांत आणली होती. वटवाघुळें डांस खातात. तेव्हां वटवाघुळें वाढविलीं कीं हिवताप हटेल, असा सरळ हिशेब डॉक्टरसाहेबांनीं मांडला आणि १९११ सालीं शहराजवळच्या एका तलावाकांठीं उंच लांकडी मनोरा उभा केला. त्याविषयीं त्यांनीं १९२५ सालीं एक ग्रंथहि लिहिला. त्यांच्या पद्धतीचा १९१८ सालचा एक मनोरा टेक्सस प्रांतांतील कम्फर्ट या गांवीं अद्याप उभा आहे. उलट फ्लॉरिडाच्या दक्षिण टोकास एका बेटावर १९२९ सालीं त्याच नकाशाबरहुकूम बांधलेल्या मनोऱ्यांत वटवाघुळें कधींच नांदलीं नाहींत; तो पाऊणशें वर्षांहून अधिक काळ रिकामाच उभा राहिला आणि २०१७ सालच्या वादळांत कोसळला. आणि गंमत अशी कीं, त्याच टेक्ससमधील ऑस्टिन शहरीं १९८० सालीं एका पुलाची दुरुस्ती झाली, तींत पुलाखालीं इंच-दीड इंचाच्या अरुंद फटी राहिल्या, आणि कोणीं न बोलावतां तेथें लाखों वटवाघुळांनीं मुक्काम केला. आज तीं पाहण्यासाठीं संध्याकाळीं पुलावर यात्रेसारखी गर्दी लोटते. या तीन हकीगतींवरून एक गोष्ट आम्हांस उमगली. घराचा थाट वटवाघुळास नको असतो. त्याला फट हवी, अंधार हवा, आणि योग्य तेवढी ऊब हवी.

त्या दृष्टीनें आम्हीं पेटीचा आराखडा केला. ही पेटी पांखरांच्या घरट्यासारखी नसते. तिला गोल भोंक नाहीं आणि तळहि नाहीं. खालून ती उघडी असते, म्हणजे लेंडी आंत न सांठतां खालीं पडते. दोन फूट उंच आणि सोळा इंच रुंद अशा तीन फळ्या एकापुढें एक उभ्या धरून त्यांच्यामध्यें पाऊण पाऊण इंचाची जागा ठेवावयाची. वरून छप्पर आणि बाजूंनीं पट्ट्या घट्ट बसवावयाच्या, कारण आंत झुळूक शिरलेली या मंडळीस खपत नाहीं. मागची फळी चार-पांच इंच खालीं उतरती ठेवावयाची. उडत आलेलें वटवाघूळ प्रथम तिच्यावर उतरतें आणि मग नखांनीं वर चढत आंत जातें. आपल्याकडील पिपिस्ट्रेल जातीचें वटवाघूळ आगपेटींत मावेल एवढें लहान असतें. त्यास पाऊण इंच म्हणजे ऐसपैस माजघर झालें. त्याहून रुंद जागा ठेवली तर तेथें गांधिलमाशी पोळें बांधते आणि पाल राहावयास येते.

लांकडासाठीं बाहेर जावें लागलें नाहीं. उतरविलेल्या छपराच्या सागाच्या फळ्या गोठ्यांत पडलेल्या होत्या. त्यांस नवा रंग नव्हता, कीडनाशकाचा हात नव्हता, आणि कित्येक वर्षांच्या चुलीच्या धुराचा वास होता. परंतु खरी अडचण पुढें आली. सुतारानें फळ्या हातीं घेतल्या त्या प्रथम रंध्याखालीं घालण्यासाठीं. फळी जितकी गुळगुळीत तितकें काम उत्तम, हा त्याच्या तीन पिढ्यांचा धर्म. वटवाघुळास मात्र पायांच्या नखांनीं उलटें लोंबकळावयाचें असल्यामुळें फळी जितकी खडबडीत तितकी बरी, आणि आंतल्या बाजूस दर अर्ध्या इंचावर करवतीनें आडव्या खाचा पाडल्या पाहिजेत. हें ऐकून त्यानें बराच वेळ आमच्या तोंडाकडे पाहिलें. अखेर खाचा पाडल्या, पेटी जोडली, मजुरीहि घेतली, पण निघतांना म्हणाला, “हे काम मी केलं असं गावात कोणाला सांगू नका बाप्पा, गुरुजी.” त्याचा शब्द आम्ही अद्याप पाळीत आहों.

पेटी कोठें टांगावी, हा त्यापुढचा प्रश्न, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. या विषयावरील पाश्चात्त्य पुस्तकें एकमुखानें सांगतात कीं, पेटीस काळसर रंग द्यावा आणि तिच्यावर दिवसाचें सहा-सात तास ऊन पडेल अशी जागा निवडावी. थंड देशांत हा उपदेश योग्यच आहे. पिलांस ऊब लागते. परंतु ज्या मुलखांत नवतप्याच्या नऊ दिवसांत पारा ४५ अंशांवर जातो, तेथें तोच उपदेश पाळणें म्हणजे पाहुण्यास तव्यावर बसविणें होय. पेटींतील उष्णता ४० अंशांपलीकडे गेली कीं लहान वटवाघुळांच्या जिवावर बेततें, असें अभ्यासक सांगतात. म्हणून आम्हीं रिकामी पेटी आधीं वैशाखांत चारी भिंतींशीं दोन दोन दिवस ठेवून आंत तापमापक लावून पाहिला. पश्चिमेच्या व दक्षिणेच्या भिंतीचा निकाल पहिल्याच दुपारीं लागला. पूर्वेच्या भिंतीस सकाळचें कोंवळें ऊन मिळतें आणि दुपारीं सज्जाची सावली येते. तेथें चौदा फुटांवर, दारेंखिडक्या सोडून, दिव्याच्या उजेडापासून दूर, बाहेरून चुन्याचा पांढरा हात देऊन पेटी पक्की केली. झाडावर ती टांगूं नये. फांद्यांमुळें उडण्याचा मार्ग अडतो आणि मांजरास शिडी मिळते. जवळच एक बोडी आहे. पाणी आणि पाण्यावरचे किडे, दोहोंची सोय तेथें होते.

आमच्या घरांतील वडीलधाऱ्या आत्याबाई हा सर्व खटाटोप ओसरीवरून पाहत होत्या. अपशकुनाची गोष्ट त्यांनीं पहिल्याच दिवशीं सांगून ठेवली होती. तिचें उत्तर देण्याचें आम्हांस फारसें कठीण वाटलें नाहीं. परंतु पेटी वर चढली त्या संध्याकाळीं त्या जें बोलल्या, तें निराळें होतें. “कवेलू काढले तेव्हां त्यांना विचारलं होतं काय? नाहीं ना? मग आतां बोलावता, तर सांभाळाल का, तेवढं आधीं मनाशीं ठरवा.” शकुनापशकुन मानणाऱ्या त्या वृद्ध बाईनें अवघ्या विषयाचें मर्म एका वाक्यांत सांगितलें होतें. छपराच्या फटींत जें राहत होतें तें आपल्या मर्जीनें राहत होतें. त्याच्या बऱ्यावाइटाची जोखीम आमच्यावर नव्हती. आपण होऊन घर देऊं केलें, कीं त्या घरांत जें घडेल त्याशीं आपला संबंध जडतो.

एक पावसाळा गेला, दुसरा गेला. पेटींत कोळ्यांखेरीज कोणी आलें नाहीं. यांत नवल नाहीं. फ्लॉरिडा विश्वविद्यालयानें १९९१ सालीं आपल्या आवारांत वटवाघुळांसाठीं मोठें घर बांधलें, त्यासहि कांहीं वर्षें कुळाची वाट पाहावी लागली. पुढें तें लाखोंनीं भरलें. आमच्याकडे तिसऱ्या वर्षीं, भाद्रपदांत, पेटीखालच्या फरशीवर तांदळाच्या दाण्याएवढ्या काळ्या लेंड्या दिसल्या. बोटाच्या चिमटींत धरल्यास उंदराची लेंडी घट्ट लागते, ही मात्र काडीनें दाबतांच भुगा होते आणि उन्हांत तींत किड्यांच्या पंखांचे चकचकीत तुकडे दिसतात. त्या संध्याकाळीं घरांतील सर्व मंडळी अंगणांत उभी राहिली. दिवेलागणीला एक, मग जराशानें दुसरें, अशीं सात वटवाघुळें पेटींतून सुटलीं आणि बोडीच्या दिशेनें गेलीं.

तीं गेलीं तीं कोठें आणि कशासाठीं, हें सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाहीं. एक वटवाघूळ तासाला हजार डांस खातें, असें विधान जिकडे तिकडे केलेलें आढळतें. त्याचें मूळ १९६० सालच्या एका प्रयोगांत आहे. बंद खोलींत डांस सोडून वटवाघूळ ते किती वेगानें पकडतें, तें त्यांत मोजलें होतें. उघड्या रानांत वटवाघूळ केवळ डांसांच्या मागें लागत नाहीं. पतंग, भुंगे, तुडतुडे जें मिळेल तें खातें. तेव्हां पेटी टांगली म्हणून मच्छरदाणी गुंडाळून ठेवावी, असें आम्ही कोणास सांगणार नाहीं, आणि आमच्या सालेकसा-देवरीकडील जंगलपट्टींत तर मुळींच नाहीं. परंतु धानाच्या बाबतींत गोष्ट निराळी आहे. स्पेन देशांत एब्रो नदीच्या मुखाशीं भाताचीं विस्तीर्ण खाचरें आहेत. तेथें अशाच पेट्या लावून पिपिस्ट्रेल वटवाघुळांची वस्ती वाढविली, तेव्हां भाताच्या खोडकिड्याचा उपद्रव उतरत गेला, असें २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत नमूद आहे. थायलंडांत वटवाघुळें भातावरील तुडतुडे मोठ्या प्रमाणावर फस्त करतात, हें २०१४ सालीं दाखविलें गेलें. खोडकिडा आणि तुडतुडा यांची ओळख गोंदियाच्या शेतकऱ्यास करून देण्याची आवश्यकता नाहीं. ज्या कोहळी लोकांनीं या मुलखांत तलावामागून तलाव बांधून धानाची शेती उभी केली, त्यांच्या बांध्यांवर रात्रीचा पहारा कोण करीत होतें, याचा विचार आतां करावयास हवा.

फळें खाणारीं मोठीं वटवाघुळें या पेटींत येत नाहींत. त्यांस मोकळ्या फांद्या लागतात. पण त्यांचेंहि ऋण या जिल्ह्यावर आहे. आमच्याकडे मोहावर कित्येक घरांच्या दोन महिन्यांच्या मीठमिरचीची सोय होते, आणि त्या मोहाच्या फुलांचें परागवहन करण्यांत हीं वटवाघुळें मोठा वांटा उचलतात. तरीहि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत त्यांस उंदीर व कावळे यांच्यासह उपद्रवी प्राण्यांच्या पांचव्या परिशिष्टांत टाकलें होतें. २०२२ सालच्या दुरुस्तीनें तें परिशिष्टच रद्द झालें. पन्नास वर्षांनीं कायद्यानें आपला शब्द मागें घेतला; लोकसमजुतीस आणखी कांहीं वेळ लागेल.

भीति सोडावी, पण सावधगिरी सोडूं नये. खालीं पडलेल्या वटवाघुळास उघड्या हातानें शिवूं नये, तें चावलें तर विनाविलंब डॉक्टरांकडे जावें, आणि लेंडी झाडतांना ती आधीं ओली करून नाकातोंडास फडकें बांधावें. तीं जमविलेली लेंडी आमच्या वांग्यांच्या वाफ्यांत जाते, आणि वांगीं तक्रार करीत नाहींत.

आत्याबाईंच्या प्रश्नाची कसोटी मागच्या वर्षींच्या नवतप्यांत लागली. दुपारीं दोनच्या सुमारास पेटीच्या तोंडाशीं, उतरत्या फळीवर, वटवाघुळें खालीं सरकून दाटीनें येऊन बसलेलीं दिसलीं. आंत असह्य झालें कीं तीं असें करतात. सज्जाच्या सावलींतहि भिंत तापली होती. आम्हीं कूलरचें वाळ्याचें ताट सोडवून दोरीनें पेटीच्या वर, चार बोटें अंतर ठेवून, छतावरून सोडलें आणि त्यावर दर तासाला हळूच पाणी घातलें. पाणी घालण्याच्या पाळ्या घरांत वांटून घेतल्या. तिसऱ्या दिवशीं एक पिलूं, अंगावर लव न आलेलें, खालीं मेलेलें सांपडलें. बाकीचीं तगलीं. त्या नऊ दिवसांत आमची खोली कूलरवांचून राहिली, याबद्दल घरांत कोणीं चकार शब्द काढला नाहीं. आत्याबाईंनीं आपली चार वाजतांची पाळी एकदांहि चुकविली नाहीं. मात्र वटवाघूळ अशुभ असतें, हें त्यांचें मत कायम आहे, आणि तें त्या पाणी घालतां घालतांच सांगत.

या अनुभवावरून आम्हांस असें वाटतें कीं, पेटी हा तोडगा खरा, पण तो तोडगाच. शंभर वर्षांच्या चिंचेची ढोली किंवा जाड मातीच्या भिंतीचें छप्पर जो गारवा देतें, तो पाऊण इंची फळीस देतां येत नाहीं. म्हणून ज्यांच्या आवारांत जुनें झाड आहे त्यांनीं तें आधीं राखावें. ज्यांस नवें घर बांधावयाचें आहे त्यांनीं सज्जाखालीं, उत्तरेच्या वा पूर्वेच्या बाजूस, विटांच्या दोन थरांमध्यें बोटभर फट सोडण्यास गवंड्यास सांगावें. त्यास खर्च येत नाहीं. आणि ज्यांच्या घरीं हें दोन्ही आतां शक्य नाहीं, त्यांनीं पेटी करावी. मात्र उन्हाळ्याचे नऊ दिवस तिच्याकडे पाहावें लागेल, हें धरून करावी.

सध्यां आमच्या पेटींतून संध्याकाळीं एकोणीस वटवाघुळें बाहेर पडतात. मोजणी धाकट्या मुलीकडे आहे आणि ती तिनें भिंतीवरच्या कॅलेंडरांत, दुधाच्या हिशेबाखालीं, रोज मांडून ठेविली आहे. हीं तींच जुनीं कुळें, कीं दुसरीं कोणी, हें सांगण्याचा मार्ग नाहीं. आणि त्यांच्याकडे मागावयाचें भाडेंहि आम्हांपाशीं उरलेलें नाहीं, कारण बांध्यांवर तें रोज रात्रीं फिटत आहे.